सक्तीचा रविवार

"डोळे उघडे ठेव. ढिलाई दिसली तर खुर्चीवर माझा भाचा बसेल." गिरधर भारंबेला मॅनेजर करताना शेठजींनी दिलेलं सगळं शिक्षण ते एवढंच.

आदल्या दिवसापर्यंत गिरधर जळगावच्या त्या डाळमिलमध्ये मशिनीला तेल घालत होता आणि जोडीदार अभिमनच्या डब्यात हात घालून जेवत होता. जुने मॅनेजर नाना यांच्या अंगावरून वारं गेलं. शेठजींचं आणि त्यांचं आधीच बिनसलेलं, त्यामुळे विचारपूस तर सोडाच, 'त्याचं नाव इथे नको, त्याच्याकडे कुणी जायचं नाही' असा हुकूम सुटला. आणि हाताशी होता म्हणून गिरधर काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला.

रजा कुणाला द्यायची, रागवायचं कसं, कौतुक करायचं की नाही, कशाचा म्हणून पत्ता नाही. डोळे उघडे ठेवणं तेवढं जमण्यासारखं होतं, ते त्याने मन लावून केलं. आणि संशयाने बघायला बसलं की दोरीचासुद्धा साप होतो. चारजणं बोलत असली आणि हा गेला की बोलणं बंद. नाना आले की आपणही असेच गप्प व्हायचो, हे या गड्याला आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

एका दुपारी पोत्यांच्या थप्पीमागून त्याला अभिमनचा आवाज आला. अभिमन धुळ्याकडचा, बोली तिकडची. डाळ निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण लिलाबाई, तिला तो हळूच सांगत होता, "रविवारले बठ्ठा असोदाले जमूत. साहेबले समजाले नको."

साहेब! काल-परवापर्यंत 'गिऱ्या' म्हणणारा हा माणूस! आणि सगळ्यांनी मिळून गावाबाहेर असोद्याला जमायचं, ते आपल्यापासून लपवून! शेजारची मिल दिवाळीपासून बंद पडली होती, भुसावळच्या युनियनवाल्याने संप लावला म्हणून. आता आपली पाळी. संप झाला की भाचा खुर्चीत, आणि आपण परत मशिनीवर, याच लोकांच्या हसण्याखाली.

शनिवारी त्याने फळ्यावर लिहून टाकलं : रविवारी सक्तीचं काम. गैरहजर राहील त्याने सोमवारी येऊ नये.

अभिमन केबिनच्या दारात आला. "साहेब, येवढा रविवार सोडा. काम शे."

"काय काम?" गिरधरने फौजदारी आवाजात विचारलं.

अभिमनने खाली बघितलं. "शे एक."

झालं! खात्रीच पटली. अभिमनची पाठ वळताच गिरधरने शेठजींना फोन लावला. असोद्याला युनियनची बैठक होती, ती मोडून काढली, असं छाती फुगवून सांगितलं. शेठजींनी म्होरक्याचं नाव विचारलं. गिरधरने अभिमनचं नाव सांगितलं.

"सोमवारपासून त्याला फाटकात घेऊ नको," शेठजी म्हणाले.

रविवारी एकजात सगळे आले, मान खाली घालून राबले. दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली आणि मोठं पातेलं सांभाळत नानांच्या घरच्या, इंदिराबाई उतरल्या.

"काय रे गिरधर, आजच जुंपायचं होतं का सगळ्यायले?" त्या कडाडल्या. "कपाशीच्या काड्यांवर टोपलंभर वांगी भाजली. नाना सकायपासून असोद्याले घरच्या ओट्यावर बसले, पोरं येतीन म्हणून. आता कोणीच नाही आलं, मंग मीच घेऊन आली भरीत."

गिरधर लिलाबाईकडे वळला. "मला का नाही सांगितलं?"

"शेठनं तुले इचारलं असतं तर तू काय सांगितलं असतं?" लिलाबाई म्हणाली. "खोटं बोलला असता तर नोकरी जाती, खरं बोलला असता तर आमची जाती. अभिमन म्हणे, गिऱ्याले माहीतच नको. त्याच्यावर बालंट नको."

गिरधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकांनी पानं मांडली. त्याच्या वाट्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी लिलाबाईने केबिनमधल्या टेबलावर नेऊन ठेवली, साहेबाचं म्हणून. बाहेर अभिमन सगळ्यांना वाढत होता. उद्याचं त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

गिरधरने फोन उचलला. चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की भाचा आलाच! रिसीव्हर त्याने हातात धरून ठेवला, कानाला काही लावला नाही. मग जागेवर ठेवला. भरीत निवून गेलं.

सोमवारी सकाळी वॉचमनने अभिमनला अडवलं. बारा वाजेपर्यंत मशिनी बंद पडल्या आणि सगळी मिल फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. गिरधर धावत गेला. अभिमनशेजारी झोळीवाला एक अनोळखी माणूस होता, भुसावळहून मोटारसायकलवर आलेला.

"अभिमन, आत ये," गिरधर म्हणाला. "बस माझ्यासमोर. बोलू आपण."

"बोलाले तर मी शनिवारले तुमना दारमा उना व्हतू, साहेब," अभिमन म्हणाला आणि बाजूला सरला. "आते ह्या भाऊ बोलतीन."