पिंजऱ्याची किल्ली

किल्ली कुलपातच तुटली. अर्धी आत, अर्धी राजपुत्राच्या हातात.

राजपुत्र म्हणजे आमचा सिद्धेश. राक्षसाला मारायचं आणि कुलूप उघडून मला सोडवायचं, एवढंच त्याला काम. मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दीडशे पोरं समोर बसलेली, आणि हा शहाणा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "श्रुतिका, वाट लागली यार. किल्लीवाल्याला घेऊन येतो." आणि पळाला की!

मी पोपटीण. पिंजरा विक्रोळीच्या ग्रिलवाल्याकडून करून घेतलेला, खराखुरा लोखंडी. आत धड उभंही राहता येत नाही. मागे लिफ्टमध्ये दोन तास अडकले होते, तेव्हापासून बंद जागेत माझा श्वास कोंडतो. बाबांना किती वेळा सांगितलं! "नाटकातलो पिंजरो तो. तुका काय कोणी खरोखर कोंडूक नाय," हे त्यांचं उत्तर. नाटक त्यांचं, कंपनी त्यांची, राक्षसही तेच.

आता ते स्टेजवर मरून पडले होते. मेलेल्याने नाटक संपेपर्यंत बोटही हलवायचं नाही, हा त्यांचाच नियम. नाकावर माशी बसली तरी नाही.

"मला बाहेर काढा!" मी ओरडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गज गदागदा हलवून पुन्हा ओरडले, तर आणखी टाळ्या. अरे मेल्यांनो, हे नाटक नाहीये रे!

"बाबा," मी म्हटलं. स्टेजवर त्यांना बाबा म्हणायची मला सक्त बंदी. "बाबा, मला भीती वाटतेय."

राक्षस उठून बसला. पहिल्या रांगेतलं एक पोर किंचाळलं. बाबांनी शिंगांचा मुखवटा काढून खाली ठेवला, गुडघ्यांवर सरकत पिंजऱ्यापाशी आले आणि गजांतून हात आत घातला. मी तो दोन्ही हातांनी धरला.

"माझ्याकडे बघ, बाय. हळूहळू श्वास घे."

"चीटिंग!" एक मुलगी उभी राहून ओरडली. "राक्षस मेला होता ना?"

"मेलो होतो गं," बाबा तिला म्हणाले. "पण ही माझी मुलगी आहे. ती घाबरली, म्हणून उठलो."

ती मुलगी काही खाली बसेना.

"मग तिला कोंडलंस कशाला?"

चाळीस वर्षांत बाबा स्टेजवर कधी अडले नव्हते. कुणी वाक्य विसरलं तर ऐन वेळी नवीन रचून वेळ मारून नेणारा माणूस. आता मात्र त्यांनी प्रेक्षकांकडे पाठ केली आणि कपाळ गजांना टेकवलं.

"चुकलंय गो बाय," ते म्हणाले. त्या मुलीला नाही, मला. आणि किल्लीवाला येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.