आप्पांचा तीन नंबर

आमच्या गॅरेजमध्ये इंजिन मिसफायर होतंय असं कोणी म्हणत नाही. गाडीला उचकी लागली म्हणतात. हा शब्द आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. गिऱ्हाईक बॉनेटपाशी तोंड पाडून उभं असलं की ते इंजिनाकडे कान करून म्हणायचे, "कोणीतरी आठवण काढतंय हिची." गिऱ्हाईक हसायचं, आणि तेवढ्यात आप्पांचा हात नेमका बिघडलेल्या सिलिंडरवर जाऊन थांबलेला असायचा.

चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालतात. वाचा गेली नाही. पण शब्दांची सगळी खोकी कोणीतरी उपडी करून हाताला येईल तशी परत भरावीत, तसं झालं. चहा हवा असला की 'पाना' म्हणतात. पंखा लावायचा असला की 'पाऊस'. मी चाळिशीची झाले तरी त्यांच्या तोंडी चिमीच होते, ती आता कधी 'दार' असते, कधी काहीच नसते. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि माझ्या थोरल्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, समज फारशी उरलेली नाही. दादाने आपल्या शहरातलं, घराजवळचं एक शुश्रूषागृह लगेच पाहून ठेवलं.

"तिथे चोवीस तास नर्स असते," तो फोनवर म्हणाला. "आणि त्यांना काही कळतच नसेल, तर इथे काय अन् तिथे काय."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं मला झोंबलं.

"त्यांना सगळं कळतं," मी म्हणाले.

"कशावरून?"

शनिवारी दुपारी गाडी घेऊन येतो, तोवर त्यांचे कपडे भरून ठेव, असं सांगून त्याने फोन ठेवला. दादा वाईट नाही, हे सांगायला हवं. तो घाबरला की सोय लावतो, आणि मी घाबरले की भांडते. आमच्यात एवढाच फरक.

मी भरलं काहीच नाही. चार महिन्यांत मी सलग दोन तासांच्या वर झोपले नव्हते. आप्पांना कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, पुन्हा निजवायचं, आणि सकाळी शटर उघडून हातात पाना घ्यायचा. त्यामुळे त्या आठवड्यातलं सगळं मला पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. आवाज लांबून यायचे. माणसं बोलायची ते मला जरा उशिराने पोचायचं.

गुरुवारी रोपवाली आली. गावाबाहेर तिच्या रोपांच्या वाफ्यांची रांग आहे आणि तीस वर्षांची एक पेट्रोल पिकअप आहे. पिकअपच्या मागे कुंड्या, पिशव्या, वेली, गच्च हिरवं भरलेलं.

"रिकामी असली की शहाण्यासारखी चालते," रोपवाली म्हणाली. "माल भरून चढाला लागली की उचकी. तीही दहा मिनिटं तापल्यावर. मागच्याच महिन्यात तू चारही प्लग नवे घातलेस ना गं?"

"घातले."

"मग?"

"मग बघते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

माल उतरवला तर दुखणं पळून जाणार, म्हणून रोपं गाडीतच राहू दिली. दोन दिवस आमच्या गॅरेजला ग्रीसच्या ऐवजी ओल्या मातीचा वास येत होता. पत्र्याच्या फटीतून ऊन आत यायचं, पानांवरून घसरून जमिनीवर पडायचं, आणि आप्पा त्यांच्या खुर्चीत बसून त्या हिरवट उजेडाकडे बघत राहायचे. मी झारीने कुंड्यांना पाणी घालत होते तेव्हा वाटलं, इथेच, या पानांखाली अंग टाकावं आणि कोणी उठवू नये.

तपासणी मी शिकले तशी, क्रमाने केली. गाडी चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. इथे प्रत्येक वायर काढली की इंजिन बसत होतं, म्हणजे चौघेही कामावर हजर. कॉम्प्रेशन पाहिलं, ठणठणीत. कार्बोरेटर उघडून धुतला. पेट्रोलचा फिल्टर बदलला. मग आप्पांना शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि गाडी पाण्याच्या टाकीच्या चढावर घेतली. त्यांना घरी एकटं सोडायचं नव्हतं, म्हणून नेलं. खरं कारण एवढंच होतं.

निम्मा चढ गेला आणि आली उचकी. गाडी अंग आखडायची, सोडायची, पुन्हा आखडायची. मागे तीनशे रोपं एकदम थरथरली.

"तीन," आप्पा म्हणाले.

मी ब्रेकवर पाय दिला. चार महिन्यांत त्यांच्या तोंडून एकही शब्द जागेवर आला नव्हता, आणि हा कसा नेमका आला. "आप्पा, तीन नंबर?"

"तीन."

माझा जीव भांड्यात पडला. दादाला काय सांगायचं ते मी तिथेच मनात जुळवायला घेतलं. परत आल्यावर तीन नंबरचा प्लग काढला. बिस्किटाच्या रंगाचा, कोरडा, हवा तसा. तरी दुसरा घातला. तीनची वायर बदलली. चारही प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून तीनचा पॉइंट घासून लख्ख केला. पुन्हा चढ, पुन्हा तीच उचकी, त्याच जागी.

"तीन," आप्पा म्हणाले.

"तीनला काहीही झालेलं नाही," मी म्हणाले, जरा जोरातच. ते काचेतून बाहेर बघू लागले.

शुक्रवारी भर दुपारी मी शटर खाली ओढलं, फटींना पोती लावली आणि गॅरेजमध्ये काळोख केला. वायरमधून वीज गळत असली तर अंधारात दिसते. फवारणीच्या बाटलीने इंजिन चालू असतानाच वायरींवर बारीक पाणी उडवायचं, मग चोरटी ठिणगी निळी चमकते. आप्पा मला लहानपणी हे दाखवायचे आणि मला वाटायचं बॉनेटखाली कोणीतरी राहतं. मी पाणी उडवत राहिले. इंजिन संथ घुमत होतं, धूर पाइपने बाहेर सोडला होता, अंधारात पानं हळूच एकमेकांना लागत होती. कुठेच काही चमकलं नाही. तीन नंबरवर मी इतका वेळ डोळे लावले की शेवटी नसलेल्या ठिणग्या दिसायला लागल्या. मग मी बॉनेटच्या कडेवर कपाळ टेकलं आणि उभ्या उभ्या झोपले.

किती वेळ कोण जाणे. जाग आली ती आप्पांच्या हाताने. ते खुर्चीतून उठून, एकटे, काळोखात पाय ओढत माझ्यापर्यंत आले होते. वाटेत डावा हात गाडीच्या खिडकीतून घालून त्यांनी इंजिनाची चावीही बंद केली होती.

मी शटर वर केलं. उजेडात ते मला फार म्हातारे दिसले. डॉक्टर बरोबर असतील, असं मला पहिल्यांदा वाटलं. रोपट्याचं पान वाऱ्याने हलतं, तसा एक आकडा त्यांच्या ओठांवर हलला असेल आणि मी त्यात माझे वडील शोधत बसले. मला रडू आलं नाही, राग आला, आणि कोणाचा ते कळेना.

शनिवारी सकाळी रोपवालीचा निरोप आला, माल आज पोचायलाच हवा. म्हटलं, शेवटचं एकदा चढ पाहू. आप्पांना बसवलं. सकाळचं धुकं अजून रस्त्यावर होतं, टाकी वर ढगात गेल्यासारखी दिसत नव्हती. गाडी तापली, चढ लागला, उचकी आली.

या वेळी मी ओरडले नाही. अंगात तेवढा जोर नव्हता. "कुठे आप्पा?" मी म्हणाले. "दाखवा तरी."

त्यांनी डावा हात उचलला. बॉनेटकडे नीट पाहिलं. मग समोरच्या फळीवर, अगदी आपल्या छातीशी, बोटाने एक टिचकी मारली. "एक." बोट थोडं पुढे नेलं. "दोन." आणखी पुढे, काचेपाशी. "तीन." शेवटी बोट काचेला लावलं, धुक्याकडे रोखून. "चार."

मी गाडी कडेला घेतली.

सिलिंडर पुढून मोजतात, रेडिएटरकडून. पुस्तकात तसं आहे, मी तसं शिकले, सगळं जग तसंच मोजतं. पण आप्पा कुठल्या शाळेत शिकले नव्हते. ते आधी पंधरा वर्षं ड्रायव्हर होते, इंजिन त्यांनी सीटवर बसून, पायांतून ओळखलं. आपल्या सर्वांत जवळचा, तो एक. एवढी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि हे मला ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी सिलिंडरचा नंबर उच्चारलाच नाही. त्यांचा हात जायचा. आता हात जात नव्हता, म्हणून बिचारे नंबर सांगत होते.

त्यांचा तीन, तो माझा दोन.

गरम इंजिनावर हात पोळून घेत मी दोन नंबरचा प्लग काढला. धुक्यातल्या उजेडात धरून फिरवला. पांढऱ्या चिनी मातीवर, खाली कडेला, केसाएवढी काळी रेघ. थंड असताना मिटलेली, तापून जोर पडला की उघडणारी. आणि मला मागचा महिना आठवला. झोपेने डोळे मिटत होते, नवा प्लग हातातून सुटून फरशीवर पडला होता, मी पुसला, बरा दिसला, बसवला. पडलेला प्लग फेकून द्यायचा, हे आप्पांनी मला सगळ्यांत आधी शिकवलं होतं. त्या दिवशी ते तिथेच खुर्चीत होते. त्यांनी पडल्याचा आवाज ऐकला असणारच.

तिथेच आणखी एक गोष्ट आठवली. डॉक्टरांनी टेबलावर पाच वस्तू मांडल्या होत्या, स्वतःपासून आप्पांपर्यंत एका ओळीत, आणि दुसरी उचला म्हणाले होते. आप्पांनी चौथी उचलली. डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. मीही तिथे होते, आणि मान खाली घातली होती.

पेटीतला नवा प्लग दोन नंबरला बसवला. गाडी चढावर घातली. चढ संपेपर्यंत ती एकाच सुरात गेली, मागे रोपं नुसती डुलत होती. टाकीपाशी मी इंजिन बंद केलं. धुकं आमच्या चहूबाजूंनी होतं, गाव नव्हतं, रस्ता नव्हता, आम्ही दोघं आणि पानांचा वास. मला इतका आनंद झाला होता की तो अंगात मावेना. मी जिंकले होते. आता दादा येऊ दे.

आणि मग मनात आलं की चार महिने आम्ही सगळे आप्पांबद्दल बोललो. त्यांना कोणी विचारलंच नाही.

"आप्पा," मी म्हणाले, "दादा आज न्यायला येतोय. त्याच्याकडे जायचं, की माझ्याजवळ राहायचं?"

ते बराच वेळ धुक्याकडे बघत होते. शब्द शोधत होते, ते दिसत होतं. घाई मी केली नाही.

"जायचं," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "इथे राहायचं ना?"

"जायचं." मग त्यांनी डाव्या हाताने माझा हात उचलला, पोळलेली बोटं पाहिली, आणि हात माझ्याच मांडीवर परत ठेवला. "चिमे," ते म्हणाले. "झोप."

मी स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडले. चार महिन्यांचं एकदम आलं. ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसून होते, आणि मी लहान असताना जसे काही न बोलता थांबायचे तसेच थांबले.

दुपारी गॅरेजसमोर दादाची गाडी उभी राहिली. तो आत आला, वाकून आप्पांच्या पाया पडला आणि मग माझ्याकडे वळून, नेहमीसारखं त्यांच्या डोक्यावरून बोलला. "भांडायचं असेल तर आत्ताच भांडून घे."

मी त्याला प्लग दाखवला. सगळं सांगितलं, तीन आणि दोन, टिचक्या, डॉक्टरांच्या पाच वस्तू. तो खाली बसला. प्लग हातात फिरवत, काळी रेघ पुन्हा पुन्हा बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि दादाचे डोळे मी आई गेली त्यानंतर भरलेले पाहिले नव्हते.

"मग नको नेऊ?" तो म्हणाला. "त्यांना एवढं कळत असेल तर मी कसा नेऊ? तू विचारलंस त्यांना?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

आप्पा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते.

"जायचं म्हणाले."

दादाने प्लग माझ्या हातात परत दिला. मग हळूच, माझी बाजू घेतल्यासारखा म्हणाला, "त्यांचे शब्द इकडचे तिकडे होतात गं. त्यांना 'नाही' म्हणायचं असेल."

मला नुसती मान हलवायची होती. पंखा पाऊस होता, चहा पाना होता, कोणालाही कधी कळलं नसतं.

"नाही रे," मी म्हणाले. "ते बरोबर बोलतायत."