डोर्नेक गडावर राहिलेला खळ्यांचा पेला

अहो, इकडे! मी बोलतोय. बुरुजाच्या आतल्या भिंतीत कोनाडा दिसतो ना, त्यात कोळ्याच्या जाळ्यामागे बघा. काचेचा, पोटाशी फुगीर, अंगभर गोल गोल खळ्या असलेला पेला. तोच मी. आणि खळ्या बघून गोड हसू नका, त्या लाडाच्या नाहीत.

आमच्याकडे, जर्मनी आणि फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या या जंगलात, जत्रेत खाटीक प्यायला बसायचे. हात चरबीने बरबटलेले. साधा पेला सुळकन निसटायचा, वाइन मातीत आणि शिव्या आभाळात. मग कुणीतरी डोकं लढवलं आणि बोटं रुतावीत म्हणून काचेला खळ्या पाडल्या. म्हणजे माझं हे रूप लोकांच्या घाणेरड्या हातांमुळे आहे. तुमचं कशामुळे आहे ते मी विचारत नाही.

भट्टीत वितळलो, साच्यात दाबला गेलो, बाहेर आलो. शाळा अशी नाहीच. जे काही शिकलो ते जंगलातल्या खानावळीत, सॉसेज आणि काकडीच्या लोणच्याच्या शेजारी बसून. पहिल्या घोटाला माणूस पावसावर बोलतो, पुढच्या घोटाला शेजाऱ्यावर, आणि मी रिकामा झालो की सरकारवर. याहून जास्त शिक्षण कुठे मिळतं ते मला दाखवा.

माझा पहिला मालक लाकूडतोड्या. दर रविवारी मला फडक्यात गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत टाकायचा आणि पोरांना घेऊन गड चढायचा. आमच्या जंगलात गडांना तोटा नाही. तांबडा कडा दिसला की त्याच्या टाळूवर एक पडका गड बसलेला. काही जर्मनीत, काही फ्रान्समध्ये. गड बघायला येणारे लोकही मी पुष्कळ पाहिले. येतात, धापा टाकतात, "इथे शूर सरदार राहायचे," असं मुलांना सांगतात. कसले सरदार! खालच्या रस्त्याने मिठाच्या गाड्या चालल्या की वरून उतरून लुटायचे. चोरांचं घर पाहायला एवढा घाम गाळणारी जात माणसाशिवाय दुसरी नाही.

लाकूडतोड्या वारला. मी त्याच्या लेकीकडे, लीनाकडे आलो. लीनाने लग्न केलं ते सरहद्दीपलीकडच्या गावात, शांग नावाच्या लाकूडकापणीच्या गिरणीवाल्याशी. तिचा धाकटा भाऊ ओटमार जर्मनीतच राहिला, बापाच्या घरात. लग्नात तो तोंड फुगवून बसला होता. "आपल्या गावातले पुरुष मेले होते काय?" असं तो मला भरता भरता म्हणाला. शांगने ते ऐकलं. बी तिथेच पडलं.

आता आमची एक रीत आहे, ती समजल्याशिवाय पुढचं भांडण समजणार नाही. टेबलाला माणसं कितीही असोत, पेला एकच. एकाने घोट घ्यायचा, शेजाऱ्याला द्यायचा, मग तो ओळखीचा असो वा वाटसरू. आणि माझी कड कुणी पुसायची नाही. कड पुसली म्हणजे आधी प्यायलेल्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं.

तर एका रविवारी आम्ही याच डोर्नेक गडावर होतो. हा गड बरोबर सरहद्दीवर. अंगणाच्या मधोमध हद्दीचा दगड, दरवाजा जर्मनीत, बुरूज फ्रान्समध्ये. ओटमारने लिव्हरचं सॉसेज मोहरीची चटणी लावून हाणलं, माझ्यातला मोठा घोट घेतला आणि मला दाजींच्या हातात दिलं. शांगने खिशातून रुमाल काढला आणि माझी कड पुसली. सावकाश. दोनदा फिरवून.

"ताई, तुझ्या नवऱ्याला विचार, मला महारोग झालाय का?" ओटमार ओरडला.

"लीना, तुझ्या भावाला सांग, मिशी धुवायला पाण्याचे पैसे पडत नाहीत," शांग म्हणाला.

"याच्या चीजच्या वासाने गडावरची घुबडं पळाली, आणि हा मला मिशी शिकवतो!"

कडेवर मोहरीची चटणी होती का? होती. मिशीचा एक केसही होता. पण मला कोण विचारतंय! मी मजा बघत बसलो.

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. गड मात्र सोडला नाही. आपण नाही गेलो तर तो म्हणेल हरला, म्हणून दोघंही यायचे. ओटमार दरवाजापाशी, जर्मनीत बसायचा. शांग बुरुजापाशी, फ्रान्समध्ये. मध्ये हद्दीच्या दगडावर लीना. ती मला इकडून तिकडे द्यायची. इकडे प्यायचे, तिकडे पुसायचे. तिकडे प्यायचे, इकडे पुसायचे. एवढं पुसलं की माझ्या कडेची झिलई गेली, आणि दोघांपैकी एकाचीही अक्कल उजळली नाही.

मग लीनाच्या कमरेचं हाड बिघडलं. डॉक्टरने चढ बंद केला. डोर्नेकचा शेवटचा टप्पा म्हणजे कड्यात खोदलेल्या पायऱ्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. एकट्या माणसाच्या आधाराने तिला तिथे चढता येईना. दोन्ही बाजूंनी दोघांनी खांदा दिला तरच. आणि असे दोघे तिच्या आयुष्यात फक्त हेच.

ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायची आणि झाडांवर डोकावणाऱ्या बुरुजाकडे बघायची. मी फडताळात होतो, मला सगळं दिसायचं. एकदा ती मलाच म्हणाली, "अरे, वरून मला माझी दोन्ही घरं दिसतात. बापाच्या घराचं धुराडं इकडे, गिरणीचं छप्पर तिकडे. इथून नुसती गिरणी दिसते." मग डोळे नाही पुसले तिने, दात खाल्ले. बाई मला तेव्हा आवडली.

तिने शांगला सांगितलं, "ओटमार म्हणतो, तुझ्या गुडघ्यांचा भुगा झालाय, मला वर न्यायची तुझी टाप नाही." ओटमारला फोनवर सांगितलं, "शांग म्हणतो, तू आता पायरी बघूनच बसतोस." झालं. रविवारी दोघं पायऱ्यांशी हजर, माना ताठ, डोळे लाल.

काय ती चढण! लीना मध्ये, तिचा एक हात याच्या खांद्यावर, एक त्याच्या. मी पिशवीत गचके खात होतो.

"ताई, त्याला म्हणावं ढकलू नको, बैल आहे का?"

"लीना, त्याला म्हणावं पाय उचल, ही पायरी आहे, तुझ्या बापाचं अंगण नाही."

"माझाही बाप होता तो, मेल्या!" लीना शांगवर खेकसली. "आणि तू रे ओटमार, माझा हात धर, दंडाला चिमटे काढू नकोस!"

वर पोचल्यावर ती या कोनाड्यापाशी बसली, घाम पुसला, आणि आधी इकडे बघितलं, मग तिकडे. पुष्कळ वेळ. धूर होता, छप्पर होतं. दोघं आपापल्या देशात जाऊन हाश्शहुश्श करत होते. मी नेहमीसारखा फिरलो, नेहमीसारखा पुसला गेलो. उतरायची वेळ झाली तेव्हा दोघांची पाठ होती. लीनाने मला उचललं, पिशवीत टाकलं नाही, या कोनाड्यात आत सरकवलं आणि वर मूठभर सुका पाला टाकला.

मला आधी राग आला. एवढी वर्षं तोंडाला लावलं आणि आता दगडात पुरते म्हणजे काय! पण पुढच्या रविवारी कळलं.

खालून, पायऱ्यांच्या तळापासून, आवाज आले. "ताई, बापाचा पेला तुझ्या नवऱ्याने पळवला! फ्रान्समध्ये नेऊन ठेवलाय!"

"लीना, तुझ्या भावाला म्हणावं, स्वतःच्या कपाटात शोध!"

"कुणाच्याच घरी नाही. वरच राहिलाय," लीना म्हणाली. "जा, बघून या."

"हा एकटा गेला तर खिशात घालेल."

"हा गेला तर फोडेल आणि माझं नाव सांगेल."

"मग मला न्या. मी साक्षीला."

दोघांनी शिव्या देत तिला पुन्हा उचललं. वर आल्यावर ती नेमकी कोनाड्यापुढे बसली, पाठ मला लावून. त्यांनी विहीर पाहिली, दरवाजा पाहिला, दगड उलटले. ओटमारने विचारलं, "ताई, तुझ्या मागे?"

"माझ्या मागे भिंत आहे. डोळे फुटले का?"

तेव्हापासून दर रविवारी माझा शोध चालतो, साक्षीला लीना, आणि पेला नाही म्हणून आता बाटलीलाच तोंड लावतात. दोघं बाटलीचं तोंड इतकं घासतात की लेबल निघून येतं. समेट? नाव काढू नका. दर आठवड्याला वैर ताजं करून आणतात, आणि त्या वैराच्या खांद्यांवर बसून लीना गड चढते. प्रेमाने एवढं ओझं कुणी इतक्या नेमाने वाहिलं असतं, असं मला नाही वाटत.

माझं म्हणाल तर बरं नाही. अंगात पावसाचं पाणी आहे, त्यात एक मेलेली गांधीलमाशी तरंगते. खळ्यांत माती भरली. तुमच्यासारखे लोक येतात, भिंतीवर नावं कोरतात, मला बघून "अगंबाई, जुना पेला!" म्हणून हात घालतात. घालू नका. खाली नेऊन धुवाल, फुलं ठेवाल माझ्यात, आणि तिकडे एक म्हातारी खिडकीत बसून राहील. पाल्यात पुन्हा झाका मला आणि कुणालाही सांगू नका.

ऐका, पायऱ्यांवर शिव्या आल्या. बैल, बाप, गुडघे, सगळं ठीक चाललंय. चला, कोनाड्यापुढून उठा आता. लीनाला बसायचं आहे.