निशाबाजची शेवटची चार पानं

दाभणाच्या नेढ्यात दोरा जाईना. तिसऱ्यांदा जीशानने टोक थुंकीने ओलं केलं, पिळलं, एक डोळा बारीक केला — आणि स्टुलावर उभ्या केलेल्या मोबाइलमधून कपिल हसला. तेच नाकातून निघणारं हसणं, लहानपणचं. फक्त आता त्याच्याखाली दोन लाख लोकांनी पाहिल्याचा आकडा. जीशानने दोरा फेकून दिला. समोर शिवायला आलेली बुलेटची सीट उघडी पडली होती आणि गिऱ्हाइकाला दुपारी नांदेडला जायचं होतं.

'निशाबाज की कालचील, नक्कल कोणाची?' — व्हिडिओचं हे नाव. दोन वेगळ्या कॉमिक्स कंपन्यांचे दोन हिरो. दोघांचे बाप मारले गेलेले, दोघंही रात्री गच्च्यांवरून उडणारे, दोघांच्या तोंडावर पक्ष्याचा मुखवटा. एकाच्या पाठीवरचं कापड निळं, दुसऱ्याचं जांभळं, आणि त्या स्वस्त कागदावर निळं-जांभळं ओळखणार कोण. खरा फरक एकच, निशाबाज मारतो आणि कालचील सोडतो. हे सगळं कपिल पुण्यात बसून, मागे रंगीत दिवे लावून सांगत होता, जणू त्याच्याच डोक्यातून निघालंय... अरे, उमरखेडच्या एसटी स्टँडमागे अब्बांची भाड्याच्या कॉमिक्सची टपरी, तिच्या फळीवर पाय हलवत आपणच तर भांडायचो. मी निशाबाजचा, तू कालचीलचा. माझं नाव घेतलं असतंस तर काय जीभ झडली असती?

पण नावाचं सोडा. नावासाठी रडणारा मी नाही. सातव्या मिनिटाला कपिल म्हणाला होता, "आमच्या गावात एक चाचा फाटक्या कॉमिक्स दाभणाने शिवून भाड्याने द्यायचे. बिचारे अनपढ! त्यांनी निशाबाजच्या पुस्तकाला कालचीलची शेवटची पानं शिवून टाकली. आम्ही पोरं किती दिवस समजत होतो, की निशाबाजने बापाच्या खुन्याला माफ केलं." आणि मग ते हसणं.

अनपढ. रोज सकाळी उर्दू पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा माणूस अनपढ. देवनागरी वाचता येत नव्हती, एवढंच. तुला कावीळ झाली तेव्हा याच अनपढ माणसाने पुस्तकांचा गठ्ठा तुझ्या घरी पोचवला होता, कपिल, आणि तू खाल्ल्या घरचे वासे मोजतोस. जीशानने फोन लावला.

"जीशान्या! पाह्यला काय व्हिडिओ?"

"माह्या बापाले अनपढ काहून म्हनला तू?"

पलीकडून कपिल म्हणाला, "अबे, मजाक होती. चाचाचं नाव कुठी घेतलं मी? आन् पानं तं चुकलीच होती ना? तूच सांग, चुकली होती का नाही?"

जीशानने फोन कापला.

चुकली होती... नाही, चुकली नव्हती. अकरा वर्षांचा होतो मी. रोज भांडण एकाच जागी येऊन अडायचं, कपिल म्हणायचा, "तुहा तं खुनी हाये बे," आणि मी हरायचो. त्या शुक्रवारी अब्बा नमाजला गेले, तेव्हा मी टपरीत बसून निशाबाजच्या पुस्तकाचा दोरा उसवला. खुन्याला पुलावरून खाली फेकतो ती चार पानं फाडून नालीत टाकली आणि तिथे कपिलने अजून न वाचलेल्या एका कालचीलची, माफीची, शिवली. दाभण अंगठ्यात घुसलं होतं. दुसऱ्या दिवशी कपिलसमोर पुस्तक आपटलं — पाह्य, सोडलं का नाही! — आणि कपिलने ती पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. जिंकलो होतो मी.

मग आठवड्याभराने कॉलेजचा एक पोरगा भरल्या स्टँडवर ओरडला, "चाचा, वाचता येत नाही तं शिवता कायले?" अब्बांनी ते पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, निळ्याशी जांभळं ताडून पाहिलं, आणि म्हणाले, "गलती हो गई बेटा." संध्याकाळी त्यांनी दाभण माझ्या हातात दिलं. आता तू शिव, तुला वाचता येतं. त्यानंतर त्यांनी एकही पुस्तक शिवलं नाही. आणि मी दाभण घेतलं. हेच.

जोहरची, दुपारची नमाज आटपून अब्बा दुकानात आले. मशिदीच्या आवारात कोणीतरी त्यांना तो व्हिडिओ दाखवला होता.

"कपिल अच्छा बोलता," ते स्टुलावर बसत म्हणाले. "और सच्ची बोला. गलती मेरीच थी." ते हसतही होते.

त्यांनी जमिनीवरचा दोरा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका झटक्यात ओवून दाभण जीशानपुढे धरलं. राग मघाइतकाच होता, फक्त तो आता कपिलच्या मापाचा उरला नव्हता.

"अब्बा," तो म्हणाला.

"हां?"

सांगितलं, तर अब्बा सगळं ऐकून घेतील, थोडा वेळ दोरा बोटाला गुंडाळतील आणि "जाने दे" म्हणतील. याची त्याला खात्री होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटत होतं, की समोरच्याने आपल्याला सोडू नये. अब्बा दाभण धरून वाट बघत होते.