मी निजवलेले पिवळे विष

मी एक जुना जीवाणू आहे, मित्रांनो. पण किती जुना ते विचारू नका. आम्हाला वाढदिवस नसतो. पोट भरले, अंग वाढले की आम्ही मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतो. त्यातले आई कोण नि लेकरू कोण, हे आमचे आम्हालाही सांगता येत नाही. म्हणून माझ्या आधी जे जगले, त्यांची गोष्टही मी माझीच म्हणून सांगतो.

लोधिवली गावाजवळच्या एका नाल्यातल्या गाळात माझे घर आहे. तुमच्या डोळ्यांना मी दिसणार नाही. पडलेली पाने, वाहून आलेले शेण खायचे आणि त्याची माती करायची, एवढेच माझे काम. शेजारी शिंपले होते, बेडूक होते. दिवस बरे चालले होते.

सत्तर सालच्या सुमारास नाल्याच्या वरच्या अंगाला एक छोटा कारखाना आला. पाण्याचे नळ आणि सायकलीच्या दांड्या तिथे मोठ्या टाकीत बुडवत आणि चकचकीत करून काढत. टाकीतले पाणी जुने झाले की ते नाल्यात सोडून देत. ते पिवळेजर्द असे. त्यात क्रोमियम नावाचा धातू होता. शिंपले मरून उघडे पडले, बेडूक गेले. आमच्यातलेही बहुतेक मेले.

मी मात्र मरायला तयार नव्हतो. माझ्या अंगाच्या भिंतीला बारीक दारे आहेत. गळक्या होडीतला माणूस जसा पाणी उपसत राहतो, तसा मी आत शिरलेले विष बाहेर ढकलत राहिलो. पण नुसते ढकलून किती दिवस भागणार? ते पुन्हा आत येई. मग मी दुसरा मार्ग धरला. कुजकी पाने खायची आणि त्या बळावर पिवळ्या विषाचे रूपच पालटून टाकायचे. त्याची हिरवट भुकटी होई आणि गाळात तळाशी निजून राही. त्या रूपात त्याचा जाच फार कमी. वर्षामागून वर्षे मी हेच केले. खालच्या अंगाला नाला पुन्हा नितळ दिसू लागला.

पण मित्रांनो, निजलेले विष म्हणजे संपलेले विष नव्हे. पान कुजते, धातू कुजत नाही.

नाल्याकाठी जिजा नावाच्या बाईचे भातशेत होते. नवरा वारल्यापासून ती आणि तिचा दीर हिरामण मिळून घर चालवीत. हिरामण त्याच कारखान्यात कामाला होता. आमच्याकडे भाताचे रोप करण्याआधी जमीन भाजतात. शेण, पाला, गवत पसरायचे, ते हळूहळू जळावे म्हणून वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवायचे. याला राब म्हणतात. दरवर्षी जिजा बांधावरची माती फोडून घाली. एका वर्षी मात्र तिची नजर उन्हाळ्यात सुकलेल्या नाल्याकडे गेली.

"लोण्यावानी गाळ हाय. ढेकळं फोडायला नकोत," ती म्हणाली.

"वहिनी, यात भात कशाला? रताळी लावा. हत्तीच्या पायाएवढी व्हतील!"

"भावजी, आधी टोपली उचला. तोंडानं गाळ वाहत नाय."

असा मी टोपलीतून राबावर आलो. राब पेटला. माझे कितीतरी भाऊबंद जळाले. मी कडेच्या ओल्या ढेकळात होतो, म्हणून वाचलो. आणि जे विष मी एवढ्या कष्टाने निजवले होते, ते त्या आगीच्या धगीने पुन्हा पिवळे होऊन जागे झाले.

मृगात पेरणी झाली. रोप बोटभर वर आले आणि पिवळे पडू लागले. जिजाने एक उपटून पाहिले, तर त्याला मूळ धड फुटलेच नव्हते. रोप नाही तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर वर्षभर घरात भात नाही. कारखान्यातली पाळी संपवून हिरामण बांधावर आला. राबाच्या खळग्यात साचलेले पिवळे पाणी तो वाकून निरखू लागला.

"का वो, काय बघता?" जिजाने विचारले.

"वहिनी, ह्यो रंग मी वळखतो. आमच्या टाकीचा हाय. शेट सांगतो नि टाकी मीच नाल्यात सोडतो."

जिजाने हातातले रोप बांधावर टाकले. मग तिने पदर खोचला.

"कणगीत हळवं भात हाय, ते लवकर तयार व्हतं. वरच्या तुकड्यात नुसत्या शेणावर पेरू. आणि ही जळकी माती खरवडून पोत्यात भरा."

"पोती कुठं टाकू? नाल्यात?"

"पुन्यांदा नाल्यात? जिथनं निघालं तिथं न्यायचं."

दोघांनी पोती डोक्यावरून कारखान्याच्या फाटकाशी नेली. शेट बाहेर आला. "हे काय आहे?"

"तुमचाच माल हाय. वाट चुकून आमच्या रोपात आला व्हता," जिजा म्हणाली.

शेट हिरामणकडे वळला. "तुला इथे काम करायचंय ना रे?"

 हिरामण जागचा हलला नाही. "करायचंय, शेट. टाकी नाल्यात सोडायचं काम तेवढं सोडून."

आतले कामगार दाराशी जमले होते. त्यांचीही शेते त्याच नाल्याकाठी होती. त्यांतला एक जण पुढे आला आणि हिरामणशेजारी उभा राहिला. मग दुसरा आला, तिसरा आला. टाकी रिकामी करायला कोणीच उरले नाही. शेवटी शेटला सिमेंटचा पक्का हौद बांधावा लागला. पिवळे पाणी आणि ती पोती त्यात गेली.

जिजाची लावणी उशिरा झाली, पीकही थोडे कमी आले. पण कणगी रिकामी राहिली नाही. राबाच्या त्या तुकड्यात मात्र तिने पुढे बरीच वर्षे रोप केले नाही.

पावसाच्या पाण्याबरोबर वाहत मी पुन्हा नाल्यात आलो, तो अजून तिथेच आहे. तळाशी राहिलेल्या विषाची राखण करतो आहे आणि करत राहीन. पण मित्रांनो, माझ्या भरवशावर पाण्यात काहीही सोडू नका. मी कुठेही जगतो. तुम्हाला तसे जगता येणार नाही.