बारा वाजताची चावी

एकोणऐंशी साली इसिडोर बोटीवरच्या नोकरीवरून मुंबईत मरोळच्या घरी परतला, तेव्हा त्याने धाकट्या बहिणीसाठी, आयडासाठी, एक कॅसेट आणली. न्यूयॉर्कच्या बंदरातला एक मित्र त्याला आपल्या वस्तीत, ब्राँक्सला, घेऊन गेला होता. तिथे बागेत पोरांनी दिव्याच्या खांबावरून वीज घेऊन रेकॉर्डी लावल्या होत्या आणि माईक धरून ती पोरं तालावर बोलत होती. इसिडोरने ते टेप करून घेतलं होतं.

"हे गाणं आहे की भांडण रे?" आयडाने विचारलं.

"दोन्ही," इसिडोर हसला. "आपलं नाव सांगतात, आपली गल्ली सांगतात. तिथली घरं जळून गेलीत, कोणी ढुंकून बघत नाही. मग ही पोरंच बोलतात."

आयडाला शब्द कळेनात, ताल मात्र कळला. लग्नांत घुमट, म्हणजे मातीचं चामड्याचं वाद्य, वाजवणारे तिचे हात आपोआप मांडीवर पडू लागले.

ती जवळच्याच कारखान्यात रेडिओचे भाग जोडायची. तिथे साठ बायका होत्या आणि संडासाला कुलूप होतं. चावी मॅनेजरकडे. कुलूप उघडायचं ते फक्त बाराच्या सुट्टीत. मानखुर्दहून येणारी सोनूबाई त्या भीतीने सकाळपासून पाणीच प्यायची नाही. एका सोमवारी ती कामावरच चक्कर येऊन पडली. बायकांनी याआधी दोनदा अर्ज दिले होते, उत्तर आलं नव्हतं.

बुधवारी सुट्टीत आयडाने गेटपाशी पत्र्याचं रिकामं पिंप उलटं केलं आणि ठेका धरला.

"बाराला जेवण, बाराला चावी,
सकाळपासून बाईनं कळ कशी सोसावी?
हात आमचे पाहिजेत, पोट नको का?
साहेब, तुमच्या संडासाला कुलूप ठोका!"

बायका आधी हसल्या, मग शेवटची ओळ सगळ्यांनी उचलली. मॅनेजर वही घेऊन धावत आला. "एकेकीचं नाव लिहून घेतो!"

बायका दोन पावलं मागे सरल्या. आयडाचे हात थांबले नाहीत.

तेवढ्यात सोनूबाई पुढे आली. चेहरा अजून उतरलेला होता, पण ठेक्यावर पाय आपटून ती ओरडली, "लिही! सोनूबाई, मानखुर्द!"

"रोझमेरी, सांताक्रूझ!"

"सुनंदा, घाटकोपर!"

साठ जणींनी नावं सांगितली. मॅनेजरची पेन्सिल केव्हाच मागे पडली होती. गेटबाहेर शेजारच्या कारखान्यांतले कामगार जमून ठेक्यावर टाळ्या वाजवत होते.

शुक्रवारी कुलूप निघालं. आयडाला मात्र पॅकिंगमध्ये टाकलं, दिवसभर उभ्याचं काम. पाय सुजायचे, पण ती मान ताठ ठेवून कामावर जायची.

पुढच्या आठवड्यात साकीनाक्याच्या एका कारखान्यातल्या दोन अनोळखी बायका तिच्या दारात आल्या.

"पिंप वाजवणारी आयडा तूच ना गं? आमच्या गेटवर येशील?"

आयडाने त्यांना बसायला पाट दिले आणि ती म्हणाली, "येईन. पण बोलायचं तुम्ही. मी फक्त ठेका धरीन. सांगा, तुमचं काय अडलंय?"