मोजून दिलेली दोन मापं

मी औषधाच्या मापाचा पेला. बोटभर उंची, जाड काच आणि अंगावर पाच-पाच मिलीच्या रेघा. सध्या मुक्काम कोर्टातल्या मुद्देमालाच्या खोलीत, गळ्यात नंबराची चिठ्ठी. पण माझे खरे दिवस औषधाच्या दुकानात गेले. ते आठवले की अजूनही बरं वाटतं.

दुकान आमच्या मालकांचं. माणूस नियमाला इतका पक्का, की डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती म्हणून सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी हात हलवत परत पाठवलं होतं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते मला डोळ्यांसमोर धरायचे, औषध रेघेला टेकलं की थांबायचे आणि विचारायचे, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" लोक वैतागायचे. मला मात्र त्या हातात फार ऐट वाटायची.

त्यांच्या लेकीला ताप आला की मी घरी जायचो. ती तोंड वेडंवाकडं करायची, बाबा तिला गोष्टीत गुंगवायचे, आणि मी हळूच रिकामा व्हायचो. काय दिवस होते ते! मग औषधाच्या बाटल्यांबरोबर मापाची प्लास्टिकची टोपणं आली आणि माझी रवानगी घरच्या कपाटात झाली. लेक बघता बघता सोळा वर्षांची झाली.

परीक्षा संपली त्या दुपारी तिच्या चार मैत्रिणी घरी जमल्या. लेक लाडात येऊन म्हणाली, "बाबा, तुमची ब्रँडी एकदाच चाखू द्या ना! नाहीतर या बाहेर कुठेतरी जाऊन पितील."

मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, परक्यांच्या मुली आहेत!"

"म्हणूनच माझ्या डोळ्यांदेखत घेऊ देत. मी मोजून देतो."

आणि त्यांनी मला बाहेर काढलं. खरं सांगतो, इतक्या वर्षांनी त्यांचा हात लागला म्हणून मी हुरळून गेलो. प्रत्येकीला ब्रँडीची दोन मापं, थेंब इकडचा तिकडे नाही. फक्त तो नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. औषध देताना जो माणूस कधी चुकला नाही, तो ब्रँडी देताना चुकला.

त्यांतली एक मुलगी, सगळ्यांत हसरी, फिट येऊ नये म्हणून रोज गोळ्या घेत होती. तासाभरात तिला गुंगी आली. घरी जायला निघाली ती जिन्यावरून गडगडत खाली गेली आणि तिचं डोकं आपटलं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरबाई आल्या. मालक काकुळतीने म्हणाले, "मॅडम, मी स्वतः समोर होतो हो. मोजून दिली."

"घर तुमचं, बाटली तुमची, मुली अल्पवयीन. तुम्ही समोर होतात म्हणूनच जबाबदार आहात," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला पिशवीत घातलं.

कोर्टात आमच्या वकिलांनी मला उंच धरलं. माप किती लहान आहे, हे ते न्यायाधीशांना पटवून देत होते. मलाही वाटलं, आपण मालकांना सोडवणार. तेवढ्यात त्या मुलीची आई उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "मला एक फोन केला असतात, तर मी सांगितलं असतं ना," एवढंच ती म्हणाली.

मालकांनी वकिलांना खाली बसायला सांगितलं. "माझी चूक आहे. मला कबूल आहे."

त्यांना शिक्षा झाली, दुकानाचा परवानाही गेला. मुलगी वाचली, पण डाव्या कानाने तिला आता कधीच ऐकू येणार नाही.

आज मालकांची लेक जप्त केलेल्या वस्तू न्यायला आली होती. कारकुनाने मला टेबलावर ठेवलं. तिने मला उचलून नाकाशी नेलं आणि पटकन खाली ठेवलं.

"मोडीत टाकू का?" कारकुनाने विचारलं. ती मान खाली घालून निघून गेली.

टाका बाबांनो, माझी ना नाही. फक्त आधी एकदा साबणाने धुवा. हा वास घेऊन मला जायचं नाही.